वीतभर फट

नोव्हेंबर लागला तसा निहारने हिसाको काकूंच्या घराच्या फटी बुजवायला घेतल्या. घर डुव्हॉलच्या वरच्या टेकडीवर होतं, निहार राहायचा त्या रेडमंडपासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर. निहारचे थोरले काका पुरुषोत्तम सांगलीहून सिव्हिल इंजिनिअर होऊन अमेरिकेत सिएटलला शिकायला आले, तिथे त्यांना हिसाको ही जपानी मुलगी भेटली आणि लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी तिच्यासाठी हे घर बांधलं. लाकडाचा सांगाडा, गवती चटयांची जमीन, खोल्यांमध्ये भिंतींऐवजी कागदाची सरकती दारं आणि दक्षिणेला काचेची लांबच लांब पडवी. देखणं घर, पण थंडीत राहायला अवघड. काका जाऊन तीन वर्षं झाली होती. काकू सत्त्याहत्तरीच्या, एकट्या, आणि तिथून हलायचं नाव काढत नव्हत्या.

काकू घर गरम करत नसत, माणसं गरम ठेवत. मधल्या खोलीत जमिनीत एक चौकोनी खड्डा होता. त्यावर बुटकं टेबल, टेबलावर जाड गोधडी आणि खड्ड्याच्या तळाशी छोटा इलेक्ट्रिक हीटर. गोधडीखाली पाय सोडून बसलं की कमरेपर्यंत ऊब यायची. बाकी घर गारच असायचं. अंगात कापूस भरलेलं जाकीट, झोपताना पायाशी कापडात गुंडाळलेला गरम पाण्याचा डबा, असं काकूंनी उभं आयुष्य काढलं होतं. पण एका सकाळी स्वयंपाकघरात त्यांच्या तोंडातून वाफ निघताना निहारने पाहिली आणि तो अस्वस्थ झाला. पुढच्या शनिवारी तो पारदर्शक प्लास्टिकचे रोल आणि फोमच्या पट्ट्या घेऊन आला. पडवीच्या काचांवर आतून प्लास्टिक ताणून बसवलं, दारांच्या कडांना पट्ट्या चिकटवल्या, स्वयंपाकघरातलं हवेचं भोकसुद्धा टेप लावून बंद केलं.

"केवढी मेहनत घेतलीत तुम्ही," काकू म्हणाल्या. त्या सगळ्यांना अहो-जाहोच करत. मराठी त्या सासूबाईंकडून शिकल्या होत्या आणि सासूबाईंनी सुनेला फक्त आदरानेच बोलायला शिकवलं होतं. त्यामुळे अडीच वर्षांच्या स्वानंदीलाही त्या "तुम्ही जेवा बघू" म्हणायच्या आणि निहारची बायको सलोनी दर वेळी हसायची.

त्या दिवशी मात्र सलोनीने पाहिलं, की काकू पडवीत उभ्या राहून ताणलेल्या प्लास्टिकवरून बोट फिरवताहेत. काय झालं, असं तिने विचारलं.

"काही नाही. वारा आला की काच वाजायची. आता नाही वाजत."

सलोनीने गाडीत निहारला ते सांगितलं. तो म्हणाला, न वाजण्यासाठीच तर लावलंय. काकूंच्या घरातला धुराचा आणि विषारी वायूचा अलार्म कधीचा बंद पडला होता. तो बदलायचं मात्र सगळ्यांच्याच डोक्यातून राहून गेलं.

मग वादळ आलं. रात्रभर झाडं पडत राहिली आणि सकाळी अख्ख्या भागातली वीज गेलेली होती. रेडमंडच्या अपार्टमेंटमध्ये शेगडीपासून हीटरपर्यंत सगळंच विजेवर होतं. स्वानंदीला आधीच सर्दी झालेली. सिएटलमध्ये वीज होती आणि निहारचा मित्र प्रथमेश तिथे राहायला बोलवत होता. पण काकूंचा फोन लागत नव्हता. त्यांना आधी गाडीत घ्यायचं आणि मग सिएटलला जायचं, असं ठरवून ते निघाले.

रस्त्यावर फांद्यांचा नुसता खच पडला होता. काकू जाकीट घालून शांतपणे गॅसवर भाताची पेज ढवळत होत्या. त्यांच्याकडे सिलिंडरचा गॅस होता, तेवढाच आधार. निहारने घाई केली तशा त्या बॅग भरायला आत गेल्या. तेवढ्यात खालून असा आवाज आला की पायांखालची जमीन हादरली. फाटकापलीकडे उतारावर एक भलं मोठं झाड रस्त्यावर आडवं झालं होतं, आणि येताना ते त्याच झाडाखालून आले होते. निहार बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. मोबाइलला रेंज नव्हती. आता जाणार कुठे?

ती रात्र निघाली. काकूंनी पाणी उकळून डबे भरले, चौघांना एका खोलीत निजवलं, गोधड्यांवर गोधड्या घातल्या. स्वानंदी सलोनीच्या कुशीत झोपली. पण सकाळी थंडी आणखी वाढली होती आणि स्वानंदीचा खोकला छातीत उतरला होता. निहार पुन्हा पुन्हा उठून भिंतीवरचं थर्मामीटर बघायचा आणि दर वेळी त्याचं तोंड जास्तच उतरायचं. काकू त्याला म्हणाल्या, आकडा बघू नका, मुलीचे पाय बघा, गरम आहेत. ते खरं होतं, पण निहारला ते ऐकू येत नव्हतं. सलोनीशीही तो तुटक बोलत होता. काल सकाळी थेट सिएटलला गेलो असतो तर, असं तो एकदा म्हणाला. काकू पलीकडेच होत्या. सलोनीने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

मग त्याला खड्ड्याची आठवण झाली. हीटर बसवण्याआधी काका-काकू त्याच खड्ड्यात निखारे ठेवत, हे त्याने काकांकडून ऐकलं होतं. राख ठेवायचं लोखंडी घमेलं अजून तळाशी होतं. गॅरेजमध्ये बार्बेक्यूच्या कोळशांची अर्धी पिशवीही होती.

काकूंनी नको म्हटलं. हा कोळसा घरात जाळायचा नाही, बाहेर जाळायचा आहे, म्हणाल्या. निहारने पुन्हा विचारलं. त्या गरम पाण्याचा डबा बदलायला उठल्या. तेवढ्यात स्वानंदीला खोकल्याची उबळ आली आणि ती ओकली. घाबरून ती रडायला लागली, रडताना तिला धड श्वासही घेता येईना. काकू डबा हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"एका अटीवर," त्या निहारला म्हणाल्या. "पडवीचं काचेचं दार वीतभर उघडं पाहिजे. निखारे आहेत तोपर्यंत उघडं." त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढं."

"हो काकू."

काकूंनी कोळसे गॅसवर धरून लाल केले. धूर जाईपर्यंत मागच्या दाराबाहेर ठेवले आणि मग घमेल्यात राखेवर मांडून खड्ड्यात उतरवले. निहार पडवीत गेला. दारावर त्यानेच बसवलेलं प्लास्टिक चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेलं होतं. दार उघडायचं तर ते फाडावं लागणार होतं. बाहेर वारा काचेवर धडका देत होता. आतून स्वानंदीचा खोकला ऐकू येत होता. तो तिथे थोडा वेळ थांबला. इतकं जुनं घर, त्याने मनाशी म्हटलं, शंभर ठिकाणांहून हवा येतच असणार. तो परत आला आणि त्याने खोली आणि पडवीमधलं कागदी दार तेवढं वीतभर सरकवून ठेवलं.

काकू टेबलाशी बसल्या होत्या. एकदा खाली बसल्या की गुडघ्यांमुळे त्यांना उठणं जड जायचं.

"निहार, दार?"

"उघडलंय, काकू."

मग तो गॅरेजमधली करवत घेऊन खाली गेला. रस्ता मोकळा करायला कुणी आलंय का, बघून येतो म्हणाला.

दोन दिवसांत पहिल्यांदाच सलोनीचे खांदे सैल झाले. गोधडीखालची ऊब पोटापर्यंत चढत होती. स्वानंदी तिच्या मांडीवर गोधडीत शिरून पडली, हळूहळू तिचा खोकला थांबला आणि ती झोपली. काकू सासूबाईंच्या गोष्टी सांगत होत्या. सासूबाई पहिल्यांदा या घरी आल्या, तेव्हा कागदाच्या दारातून बोट आरपार गेलं म्हणून किती ओशाळल्या होत्या, आणि मग दोघींनी मिळून खळ करून तो कागद कसा चिकटवला होता. सलोनी ऐकत होती. तिचं डोकं दुखायला लागलं होतं. रात्रीची झोप नाही, सकाळपासून चहा नाही, त्यामुळे असेल, असं तिला वाटलं. निखाऱ्यांचा विचारही तिच्या मनात येऊन गेला. पण दार उघडं होतं, निहारने सांगितलं होतं, तेव्हा ते कारण असणार नाही.

काकूंचं बोलणं सावकाश होत गेलं. मध्येच एक वाक्य जपानीत आलं, मग पुढचं आणि त्याच्या पुढचंही. सलोनीने त्यांना हाक मारली. काकूंनी मान वर केली, तिच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि हनुवटी पुन्हा छातीवर टेकवली. म्हातारं माणूस दमलंय, सलोनीने मनाशी म्हटलं. तिलाही डोळे मिटावेसे वाटत होते, आणि ते फार बरं वाटत होतं.

तिची नजर समोरच्या कागदी दारावर होती. बाहेर झाडं पिळवटल्यासारखी हलत होती, त्यांच्या सावल्या कागदावर धावत होत्या. पण कागद हलत नव्हता. दाराच्या फटीतून तिच्या मानेवर, हातावर, कुठेच गार झुळूक येत नव्हती. एवढ्या वाऱ्यात काचेचं दार वीतभर उघडं असेल, तर कागद फडफडायला नको?

ती उठायला गेली आणि गुडघ्यांवर आपटली. पायांत जीवच नव्हता. स्वानंदी मांडीवरून चटईवर घरंगळली तरी जागी झाली नाही. सलोनीने तिच्या गालावर चापटी मारली, मग जोरात मारली. मुलीने नुसते ओठ हलवले. सलोनी रांगत पडवीत गेली. प्लास्टिक काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जसंच्या तसं होतं, कुठे साधी सुरकुतीही नव्हती. आतून त्यावर वाफ धरली होती.

तिने नखांनी ओरबाडलं, ते फाटेना. खालच्या कोपऱ्यातली टेप दातांनी उचकटली आणि दोन्ही हातांनी ओढली, तसा अख्खा पडदा सोलून निघाला. कडी गार लोखंडाची होती आणि बोटांना तिचा अंदाज येत नव्हता. दार सरकलं. वारा थपडेसारखा तोंडावर बसला. तिने परत आत जाऊन स्वानंदीला जाकिटाला धरून फरफटत आणलं आणि पडवीच्या कडेला, थेट वाऱ्यात ठेवलं. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता. मग ती काकूंकडे गेली. काकू लहानखुऱ्या होत्या, पण पाय खड्ड्यात असल्याने त्या हलता हलेनात. काखांत हात घालून सलोनीने त्यांना ओढलं, दम घेतला, पुन्हा ओढलं. मध्येच तिला उलटी झाली. काकूंचं डोकं पडवीच्या लाकडावर आलं तेव्हा ती निहारला हाका मारायला लागली. वाऱ्यात आपला आवाज पोचतोय की नाही, हे तिला कळत नव्हतं.

खाली रस्त्यावर फायर डिपार्टमेंटची माणसं झाड कापायला आली होती. निहार त्यांच्यासोबत होता. करवतीचा आवाज थांबला त्या क्षणी त्याला हाक ऐकू आली. तो धावत वर आला, पडवीतल्या तिघींना त्याने पाहिलं, सोललेलं प्लास्टिक पाहिलं, आणि तसाच पुन्हा खाली धावला. ऑक्सिजन घेऊन माणसं वर आली, तोवर स्वानंदी रडायला लागली होती. सलोनीला तिचं ते रडणं थांबू नये असं वाटत होतं.

हॉस्पिटलमध्ये तिघींना मास्क लावले. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी ठीक आहे, आईही ठीक आहे, आजींना उद्यापर्यंत ठेवून घेऊ. थोडा वेळ आणखी गेला असता तर, एवढं बोलून ते थांबले. निहार कॉटच्या कडेवर बसून स्वानंदीचा पाय धरून होता. सलोनीने अजून त्याला काही विचारलं नव्हतं, आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर हॉस्पिटलची सोशल वर्कर आली. मधल्या वयाची, मऊ बोलणारी बाई. लहान मूल आहे म्हणून विचारावंच लागतं, म्हणाली. ते सगळे काकूंच्या खोलीत जमले. घरात कोळसा कुणी पेटवला, हवा यायला काही उघडं ठेवलं होतं का, अलार्म होता का, असं तिने एकेक करून विचारलं.

काकूंनी मास्क बाजूला केला आणि सावकाश इंग्रजीत उत्तर दिलं. कोळसा मी पेटवला. घर माझं आहे. दाराचं मी बघायला हवं होतं, मी म्हातारी आहे, विसरले. यांना काही माहीत नव्हतं.

बाईने लिहून घेतलं आणि निहारकडे वळून विचारलं, असंच झालं का?

सलोनी वाट बघत होती. निहार जमिनीकडे बघत होता.

"आंटी नेहमी असंच करायच्या, पूर्वीपासून," तो इंग्रजीत म्हणाला.

काकूंनी डोळे मिटले.

"नाही," सलोनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. मग तिनेही इंग्रजीतच सांगितलं. काकूंनी आधी नकार दिला होता. कोळशाचा आग्रह आमचा होता. काचांवर प्लास्टिक आम्ही लावलं होतं. काकूंनी दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, ते बंद राहिलं. अलार्म बदलायला आम्हीही विसरलो. यातलं काही काकूंच्या नावावर लिहू नका.

बाईने पेन थांबवलं. दार कुणी उघडायचं होतं, तिने विचारलं.

"मी," निहार म्हणाला. "मी उघडलं नाही. उघडलंय असं सांगितलं."

बाई गेल्यावर दोघे कॉरिडॉरमध्ये उभे राहिले. स्वानंदी सलोनीच्या खांद्यावर झोपली होती. निहार हळू आवाजात बोलत होता. ग्रीन कार्डचं काम अडकलंय, मुलीला धोक्यात घातलं असं रेकॉर्डवर आलं तर काय होईल, हे तुला माहितीये का, मुलगी काढून घेतात इथे. काकूंना कोण काय करणार होतं? त्या सिटिझन आहेत, वय झालंय त्यांचं.

"त्यांना त्या घरातून काढलं असतं," सलोनी म्हणाली. "एकटीने राहायला लायक नाही म्हणून. आणि आपण गप्प बसून ते होऊ दिलं असतं."

तिने झोपलेल्या मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तू उघडलंय म्हणालास, म्हणून मी बसून राहिले, निहार. डोकं दुखत होतं तरी बसून राहिले. काकूंचं मराठी गेलं तरी बसून राहिले."

तो भिंतीला टेकला आणि रडायला लागला. सलोनीने त्याला जवळ घेतलं नाही. मुलीला सावरत ती उभी राहिली. त्याचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, काकूंकडे जा.

तो गेला. सलोनी दारातच थांबली. निहार काकूंच्या पायांशी उभा राहून मराठीत सगळं बोलला. फाडावं लागलं असतं म्हणून नाही उघडलं, वाटलं पुरेशी हवा येत असेल, खोटं बोललो, आणि मघाशी पुन्हा बोललो. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी मास्क खाली ओढला.

"मी उठून बघायला हवं होतं. गुडघे दुखत होते, आळस केला. ते माझं." त्यांना दम लागला. "बाकीचं तुमचं, निहार. ते मी घेणार नाही. मघाशी घेत होते, ती माझी चूक."

निहारने मान हलवली.

"आता मुलीला घेऊन जा. त्यांना झोपू द्या."

चौकशी झाली. एक बाई रेडमंडच्या घरी येऊन गेली, तिने स्वानंदीचे डोळे, खेळणी, फ्रिज, अलार्म सगळं बघितलं, दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. ते आठवडे निहारला धड जेवण गेलं नाही. शेवटी अपघात म्हणून प्रकरण मिटलं. ग्रीन कार्डचं काम होतं तिथेच अडकून राहिलं, मागेही गेलं नाही आणि पुढेही गेलं नाही.

काकू आपल्याच घरी परतल्या. निहारने जाऊन पडवीतलं उरलंसुरलं प्लास्टिक काढलं, दर खोलीत बॅटरीचे अलार्म बसवले, वीज गेली तर चालणारा जनरेटर बाहेरच्या छपराखाली ठेवला. काकू त्याला चहा द्यायच्या, काम झालं की आभार मानायच्या. पण पूर्वी तो निघताना त्या फाटकापर्यंत यायच्या, तशा त्या हिवाळ्यात आल्या नाहीत. मार्चमध्ये त्यांनी आपण होऊन फोन केला आणि स्वानंदीला शनिवारी पाठवा म्हणाल्या. सलोनीने विचारलं, निहार घेऊन आला तर चालेल ना? काकू म्हणाल्या, त्यांनाही जेवायलाच यायला सांगा.

घरी रोज रात्री निहार सांगतो, दार लावलंय, शेगडी बंद केलीये. सलोनी हो म्हणते आणि तरीही उठून बघून येते. तिला ते थांबवायचं आहे, पण अजून जमत नाही. निहार तिला कधी अडवत नाही. ती परत येईपर्यंत तो दिवा चालू ठेवून जागा राहतो.